मायाची पात

१

दिवसभर लोकांना नावानं हाका मारायच्या, हे प्रणालीचं पोटापाण्याचं काम. अमरावतीत राजापेठेच्या बाजूला रक्त तपासायची एक लॅब आहे, तिच्या काउंटरवर ती बसते. नाव पुकारायचं, माणूस उठला की आत पाठवायचं, नाही उठला तर पुन्हा पुकारायचं. दुसऱ्या हाकेलाही कोणी उठलं नाही, तर कागद खाली सरकवायचा आणि पुढचं नाव घ्यायचं. निघून गेलेल्या माणसाला तिसरी हाक मारायची नाही, हा नियम लॅबचा नव्हता, तिचा होता. उगाच घसा कोण सुकवणार?

संध्याकाळी तोच सुकलेला घसा घेऊन ती साईनगरात देवानंदच्या स्टुडिओत जायची. स्टुडिओ म्हणजे नाव मोठं आणि लक्षण खोटं. पिठाच्या गिरणीमागची एक खोली, आणि तिच्या चारही भिंतींना आवाज घुमू नये म्हणून ठोकलेल्या कापसाच्या गाद्या. गिरणी बंद झाली की रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. आत गेलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. उन्हाळ्यात गाद्यांना कापसाचा तो जुना, कोमट वास यायचा आणि प्रणालीला शेतात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

देवानंद हा प्रणालीच्या मैत्रिणीचा, कौशल्याचा नवरा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा आणि घरी आला की अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल संगीत ऐकत बसायचा. एक दिवस त्यानं बायकोला, प्रणालीला आणि त्यांच्या तिसऱ्या मैत्रिणीला, मायाला, स्वयंपाकघरात भाजी निवडताना गाताना ऐकलं आणि तो दारातच खाली बसला. "हे सोलच हाय वो," म्हणाला, "तिकडे पन कापसाच्याच शेतातून आलं थे." प्रणालीची आई माणिकबाई तिथंच होती. "आमी एवढी वर्सं फुकटच गात होतो म्हना," एवढंच ती बोलली.

ते गाणं खरं तर गाणं म्हणून जन्मलंच नव्हतं. तिघी दर्यापूरकडच्या एकाच गावच्या, आणि लहानपणी माणिकबाईच्या मागे कापूस वेचायला जायच्या. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याएवढी, मध्ये तुरी, आणि प्रत्येकीला आपापली पात, म्हणजे वेचायची ओळ, नेमून दिलेली. एकदा पातीत शिरलं की शेजारीण दिसत नसे. मग कोण कुठवर पोहोचली ते कळावं म्हणून माणिकबाई हाक द्यायची, "कुठलोक आली वो बाई, कुठलोक आली?" आणि एकेक बाई आपल्या पाळीनं, आपल्या पातीतून सुरात उत्तर द्यायची, "येऊन राह्यली वो, येऊन राह्यली." जिचं उत्तर आलं नाही तिला बघायला जायचं. साप निघालेला असे, नाहीतर ऊन लागलेलं असे. एवढाच त्या गाण्याचा उपयोग.

त्यांनी ग्रुपचं नाव ठेवलं 'तीन पाती'. गावातली टवाळ पोरं 'तीन पत्ती' म्हणायची, पण नाव लक्षात राहायचं हे खरं.

२

पहिल्या अल्बमची गाणी बसत आली आणि मायाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठही साधीच निघाली, पण आवाजाची नस दुखावली. येईल आवाज, डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. कधी कधी येतही नाही, असंही म्हणाले. मायाचं सासर अकोल्याला, नवरा बाजार समितीत. दर रविवारी गाडीनं बडनेऱ्याला उतरून रियाजाला येणारी माया आता घरातच बसून राहिली. बोलायची ती नुसती कुजबुज, आणि प्रत्येक वाक्याआधी गळ्यावरच्या व्रणाला बोट लावून 'खक्' असा कोरडा आवाज करायची, जणू बंद पडलेला पंप सुरू करत होती.

"माझी पात कोनाले देजो नको," ती प्रणालीला म्हणाली. "मी येतो परत."

"कोनालेच नाई देत," प्रणाली म्हणाली. लहानपणापासूनची मैत्रीण. दुसरं काय म्हणणार?

देवानंदनं एक दुसरी मुलगी सुचवली होती, चांगली गाणारी. प्रणालीनं ऐकलं नाही. मायाच्या उत्तराची जागा तशीच मोकळी सोडायची, तिनं ठरवलं. प्रणालीची हाक यायची, कौशल्याचं उत्तर यायचं, मग मायाच्या पाळीला काहीच नाही. वाद्यंही थांबायची. मग पुढची ओळ.

माणिकबाईनं ते ऐकलं आणि हातातली सुपारी तशीच ठेवली.

"हे काय केलं? रिकाम्या पातीले हाक देऊन राह्यली तू?"

"मायाची जागा ठेवली, आई."

"बाई नसंन आली तं पात बुजवतात. बाजूच्या दोघी वाटून घेतात. हाक तिच्यावरून पुढं नेतात."

"पन काहून?"

"काहून म्हंजे? देत नाईत. बस." आणि माणिकबाई सुपारी कातरू लागली. तिच्या बोटांच्या टोकांवर अजून पांढऱ्या रेघा होत्या. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, वेचणाऱ्या बाईची बोटं कधी गुळगुळीत राहत नाहीत.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. प्रणालीनं मनाचं केलं.

पहिलं गाणं सुटं म्हणून फोनवर सोडलं, आणि नशिबाचे खेळ असे, की लोकांना ती मोकळी जागाच आवडली. तिथं काळजात धस्स होतं, असं लोक लिहीत होते. कोणी आपल्या गेलेल्या बहिणीची आठवण काढली होती. कौशल्या एकेक वाचून दाखवायची आणि डोळे पुसायची. प्रणालीला बरं वाटलं. मग ती दमून झोपली.

३

दुसरं गाणं पोळ्याच्या सुमारास आलं. त्यातही मायाची जागा मोकळीच होती.

पहिली खटकणारी गोष्ट लॅबमध्ये घडली. पुकारा व्हायची वाट बघत बसलेली एक कॉलेजची मुलगी ते गाणं गुणगुणत होती. प्रणाली काउंटरवरून गालात हसली. मुलीनं हाक गुणगुणली, कौशल्याचं उत्तर गुणगुणलं, आणि मग न थांबता तिसरं उत्तरही गुणगुणलं. खालच्या सुरात, शेवटचं 'राह्यली' जरा लांबवून.

"ते तिसरं कुठलं?" प्रणालीनं विचारलं.

"गाण्यातच आहे ना मॅडम. लांबून येतो तो आवाज."

रक्त द्यायला उपाशी आलेली पोर, भोवळत असेल, असं प्रणालीनं मनाशी म्हटलं. पण घरी जाऊन गाण्याखाली लोकांनी काय लिहिलंय ते पाहिलं, तर तेच. 'तो दूरचा तिसरा आवाज कोणाचा?' 'शेवटच्या बाईनं अंगावर काटा आणला.' तिनं कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. मायाच्या जागी शांतता होती. नुसती, साधी, मोकळी जागा.

देवानंदनं संगणकावर उघडून दाखवलं. मायाच्या नावाची पट्टी सपाट होती.

"काईच नाई तिथं. कौशीचा आवाज तुझ्या माइकात थोडासा गेला असंन, थोच घुमत असंन."

"या खोलीत घुमते कुठं काई?"

देवानंदनं गाद्यांकडे पाहिलं. "नाई घुमत," तो म्हणाला, आणि मग खांदे उडवले. "लोकाईले आवडून राह्यलं ना? मंग झालं."

प्रणालीनं वाद घातला नाही. दिवसभर हाका मारून आलेल्या बाईला वाद परवडत नाही. माणसाचा कान भरवशाचा नसतो, तिनं स्वतःला समजावलं. दोन उत्तरं ऐकली की तिसरं तो आपलं आपणच जोडून घेत असेल. तसंच असेल. मग तिच्याच कानाला ते का जोडता येत नव्हतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

४

तिसरं गाणं रेकॉर्ड करताना तिनं तो ऐकला.

दुपार होती. गिरणीवाला गावाला गेला होता, म्हणून त्यांना दिवसा खोली मिळाली होती. कौशल्या आपली उत्तरं देऊन बाहेर चहा ठेवायला गेली. काचेपलीकडे देवानंद मान खाली घालून बसला होता. एक हाक नीट लागली नव्हती, तेवढी प्रणाली एकटी पुन्हा घेत होती. वाद्यं कानात नको, म्हणून तिनं हेडफोन काढून ठेवला होता.

"कुठलोक आली वो बाई, कुठलोक आली?"

कौशल्याची पाळी रिकामी गेली. मग मायाची आली.

"येऊन राह्यली वो, येऊन राह्यली."

आवाज माइकातून नव्हता, स्पीकरमधून नव्हता. गादीतून होता. समोरच्या भिंतीच्या गादीतून, आतून, बरंच आत चालत आलेली बाई बोलावी तसा. शांत, जाडसर, तब्येतीचा आवाज. घाई नाही, दुःख नाही. काम करता करता दिलेलं उत्तर. शेवटचं 'राह्यली' जरा लांबवलेलं.

प्रणाली हलली नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. भीती नंतर वाटली. त्या क्षणी तिला वाटलं ते असं, की कोणीतरी अखेर उत्तर दिलं, बरं झालं. या विचाराचीच तिला नंतर जास्त भीती वाटली.

ती पुढे गेली आणि तिनं गादीवर तळहात ठेवला. गादी उन्हात तापल्यासारखी होती. त्या भिंतीमागे गिरणीची मोरी, तिथं ऊन कधी पोहोचत नाही.

"झालं का, ताई?" काचेपलीकडून देवानंदनं विचारलं.

"तुले काई ऐकू आलं?"

"तुझी हाक आली. मस्त लागली. मोकळी जागा पन बरोबर सोडली तू."

कौशल्या चहा घेऊन आली. प्रणालीनं तिला विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती 'हो' म्हणाली असती तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. तिसरं गाणंही तसंच सुटलं, आणि ते सगळ्यात जास्त चाललं. लोक लिहीत होते, 'या वेळी तिसरी बाई एकदम जवळून गायली आहे.'

५

रविवारी ती अकोल्याला गेली. माया दारात आली, हसली, व्रणाला बोट लावून खक् केलं. "ये," तिची कुजबुज. वाळली होती. घरात पंखा सुरू असला की तिचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून घामाच्या धारा लागल्या तरी तिनं पंखा बंद केला.

प्रणालीनं फोन तिच्या हातात दिला. तिसरं गाणं. माया कानाशी धरून ऐकत राहिली. मायाची जागा आली आणि तिचा चेहरा पडला. फोन खाली ठेवून तिनं पदराचं टोक चोळलं.

"चांगली गाते," खक् करून ती म्हणाली. "कोन ठेवली?"

"कोनाले नाई ठेवलं, माया. तुया गळ्याची आन."

"मंग हे कोन?"

"मले वाटलं तुलेच ओळखू येईन. लोक म्हनतात तिथं तिसरा आवाज हाय. तुयाच, जुन्या रियाजाचा कुठं राहून गेला असंन."

मायानं मान हलवली. "मी नाई हे," ती म्हणाली. "मी 'राह्यली' लांबवत नाई." मग तिनं प्रणालीचा हात धरला, आणि तिच्या कुजबुजीत पहिल्यांदाच रडू आलं. "प्रणाली, मी रोज पाहून राह्यलो. सकाळी उठलो का पहिले आवाज लावून पाहतो. नाई येत. पन येईन. तू माझी पात बुजवजो नको. तेवढी एकच जागा हाय मले."

प्रणाली जागा मोकळी सोडणं आता बंद करू, असं म्हणायलाच आली होती. आता ते तोंडातून निघेना. "नाई बुजवत," ती दुसऱ्यांदा म्हणाली आणि परतीच्या गाडीत सगळ्या वाटेभर स्वतःवर चिडून बसली.

६

अल्बमचं शेवटचं गाणं होतं 'धुरा'. शेताची कड. पात संपते आणि बाया एकेक करून पऱ्हाटीतून बाहेर येतात, ते गाणं. रेकॉर्डिंग झालं होतं, देवानंद शेवटचा हात फिरवत होता. प्रणालीनं आईला सगळं सांगितलं. माणिकबाई घाबरली नाही, रागावलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "आवाज कुठलोक आला?"

"जवळ आला."

"बुजव," माणिकबाई म्हणाली. "मायाले वाईट वाटंन तं वाटू दे. धुऱ्यावर बाया मोजून घेतात. पाती तेवढ्याच, बाया तेवढ्याच. दुसरीच कोनी बाहेर आली, तं आपली एक आत राह्यते."

या वेळी प्रणालीनं ऐकलं. पण मायाला न सांगता तिची जागा कापायची, हे माणुसकीला धरून नव्हतं. आधी सांगू, मग कापू. बरं वागायला गेलं की उशीर होतो, हे तिला लॅबमध्ये कळत होतं, इथं मात्र कळलं नाही.

अकोल्यात ती पोहोचली तेव्हा मायाच्या घराचा पंखा सुरू होता. जिन्यातच तिला तो ऐकू आला, आणि पंख्याच्या आवाजावरून सहज वर चढणारं हसणं.

"आली का तू!" माया दारात होती. आवाज खणखणीत. "सकाळी उठलो अन् आला पाहाय! काई केलं नाई मी. आपोआप आला."

मायाचा नवरा पेढे वाटत होता. सासू देवापुढून उठत नव्हती. सगळं घर उजळलं होतं आणि प्रणाली उंबऱ्यातच थांबली. शांत, जाडसर, तब्येतीचा आवाज. तिनं तो गादीतून येताना ऐकला होता.

वेड्यासारखं करू नको, तिनं स्वतःला दटावलं. आजारातून उठलेल्या माणसाचा आवाज बदलतो. ऑपरेशन झालेला गळा आहे. मैत्रिणीला बरं वाटलंय, आणि तू उंबऱ्यात उभी राहून काय बघतेस?

ती हेच बघत होती, की मायाचं बोट व्रणाकडे एकदाही गेलं नाही. दोन्ही हात तिनं कमरेशी धरले होते, पोटाशी वेचलेल्या कापसाची जड ओटी बांधलेली बाई धरते तसे. पेढा द्यायला तिनं हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर ताजे ओरखडे होते. काहींतून अजून रक्त दिसत होतं. मायानं शेतात पाय ठेवल्याला लग्नाएवढी वर्षं झाली होती.

"बोटाले काय झालं?"

"कुठं काय?" माया हसली. "चाल, हाक दे मले. लय दिवस झाले."

"नंतर देतो."

"दे ना वो." आवाज गोड होता, आणि डोळे प्रणालीच्या तोंडावर होते, गळ्यावर होते. "तूच तं देत होती इतके दिवस. आता मी आली तं देत नाई?"

मायाचा नवरा पेढ्याचा डबा धरून कौतुकानं बघत होता. सासूनं हात जोडले होते. अशा घरात तोंड बंद ठेवायचं कसं? प्रणालीनं हाक दिली, अर्ध्या आवाजात. उत्तर आलं. शेवटचं 'राह्यली' जरा लांबवलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

७

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मूर्तिजापूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना काळी रानं आणि फुटलेली पऱ्हाटी. देवानंदचा निरोप आला. 'धुरा' पक्कं झालं, ऐकून घे. खाली लिहिलं होतं, 'मायाताईचा फोन आला होता. उद्या येते म्हणाली. तिचा आवाज टाकून मोकळी जागा भरून घेऊ?'

तिनं हेडफोन लावला. स्वतःची हाक ऐकली. कौशल्याचं उत्तर ऐकलं. मग वाद्यं थांबली आणि मायाची जागा आली. इतके महिने रेकॉर्डिंगमध्ये तिला तिथं काहीच ऐकू आलं नव्हतं.

खक्.

बारीक, कोरडा, लांबून आलेला आवाज. आणि मग कुजबुज. पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही अशी, पऱ्हाटीच्या पानांवरून घासत आलेली.

"येऊन राह्यली वो..."

शेवटचं लांबवलेलं नव्हतं. तिला ते पुरं करायला श्वासच पुरला नव्हता.

प्रणालीनं तोंडावर पदर दाबला. शेजारची बाई, "बरं नाई का वो?" म्हणाली. तिनं मान हलवली. बाहेर ऊन कलत होतं, शेतातल्या बाया धुऱ्यावर येऊन ओट्या सोडत होत्या.

मग तिनं देवानंदला फोन लावला.

"जागा भरू नको," ती म्हणाली. "कोनीई म्हनलं तरी भरू नको. माया म्हनली तरी नाई."

"अवो ताई, पन तिच्याचसाठी तं ठेवली होती ना?"

"तिच्याचसाठी ठेवजो."

गाणं संपलं होतं. तिनं ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. दर वेळी खक् थोडं आणखी लांबून येत होतं. शेवटी तिनं हेडफोन काढला, खिडकीची काच सरकवली आणि माणसांनी भरलेल्या बसमध्ये, सुकलेल्या घशानं, बाहेरच्या रानाला हाक दिली. लोक वळून बघू लागले. तिला त्यांचं काही वाटलं नाही. ती कान देऊन बसली, आणि उत्तर येईना तेव्हा तिनं दुसरी हाक दिली.

मग तिसरी दिली.